अण्णांनी ताटात टाकलं

आमच्या घरी ताटात टाकायची पद्धत नव्हती. त्यावरून कुणी कधी रागावल्याचं मला आठवत नाही. अण्णांना जेवताना बघितलं की ते आपोआप अंगी लागायचं. भाकरी मोडायच्या आधी ते वरचा पापुद्रा अलगद सोडवून ताटाच्या कडेला ठेवायचे. सगळं जेवण उरकलं की शेवटचं कोरड्यास त्या पापुद्र्यानं पुसून घ्यायचे. मग तांब्यातलं घोटभर पाणी ताटात ओतायचं, तर्जनी कडेकडेनं फिरवायची आणि ताट दोन्ही हातांनी उचलून ते पाणी पिऊन टाकायचं. मीठ, तेलाचा तवंग, भाताचं एखादं शीत, सगळं पोटात. ताट पालथं घातलं तरी थेंब पडायचा नाही.

माझ्या लग्नानंतर ते पुण्याला माझ्या सासरी पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हाही त्यांनी हेच केलं. चिनी मातीची नवी प्लेट होती. तिच्यात पाणी ओतलं, बोट फिरवलं. टेबलाभोवतीचं बोलणं क्षणभर थांबलं आणि मी मान खाली घातली. मान वर केली तेव्हा अण्णा माझ्याकडेच बघत होते. त्यानंतर कितीदा तरी आले, पण माझ्या घरी त्यांनी पुन्हा ताट धुऊन प्यायलं नाही. मी काही म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नाही, हेच मला आजही लागतं.

त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. नावातच चव असलेला हा अवयव आपल्याला आहे हेही मला तोवर नीटसं ठाऊक नव्हतं. मी रजा टाकून गावी गेले. पहिल्या दिवशी आईनं ज्वारीची ताजी भाकरी आणि शेंगदाण्याचं कोरड्यास केलं, त्यांच्या आवडीचं, लसूण जास्त घालून. त्यांनी पापुद्रा काढला, कडेला ठेवला, एक घास मोडला, चावला, बराच वेळ चावला. मग ताट हातभर पुढे सरकवलं.

"नको गं माय."

आई ते ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यापाशी तशीच उभी राहिली. भाकरी जवळजवळ अख्खी. वर पापुद्रा. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती, आणि अण्णांचं उष्टं कुठे टाकायचं असतं ते तिला माहीत नव्हतं.

बघायला येणाऱ्या बायका दारातूनच विचारायच्या, "जेवतेत का?" आई मान हलवायची. मग त्यातली एखादी हळू आवाजात म्हणायची, "अन्नावरची वासनाच उडाली म्हणायची."

हा शब्द मी लहानपणापासून ऐकलेला. तापात पडलेल्या पोराची जेवणावर वासना नसते, बाळंतिणीची एखाद्या पदार्थावर वासना जाते. पेपरात वासना हा शब्द वेगळ्याच बातम्यांत येतो; तिथे तो ऐकूनच अंग चोरावंसं वाटतं. पण आमच्याकडच्या बायकांच्या तोंडी तो अजून स्वयंपाकघरातच आहे, चुलीजवळ, आणि त्याला कसलाही डाग लागलेला नाही. खावंसं वाटणं म्हणजे वासना. जगावंसं वाटण्याच्या अगदी शेजारची.

त्या महिन्यात रात्री झोप लागायची नाही, तेव्हा मी शब्दांच्या मागे लागले. कॉलेजात संस्कृत होतं, त्याची ती जुनी सवय. भूक हा शब्द आला बुभुक्षेपासून. मूळ धातू भुज्, म्हणजे खाणं, भोगणं. आणि बुभुक्षा म्हणजे खाण्याची इच्छा. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, पिण्याची इच्छा ती पिपासा, सुटण्याची इच्छा ती मुमुक्षा. त्याच साच्यातली बुभुक्षा, हजारो वर्षं तोंडातोंडातून झिजत झिजत भूक झाली. तहानही तशीच. ती तृष्णेपासून आलेली. पालीत तिला तण्हा म्हणतात, आणि बुद्धानं दुःखाचं मूळ म्हणून सांगितली ती हीच तण्हा. आपण रांजणातलं पाणी पिताना जो शब्द वापरतो, तोच.

म्हणजे मराठीत पोटाच्या भुकेला वेगळा शब्द आणि मनाच्या भुकेला वेगळा शब्द असं आधीपासून नाहीच. 'ज्ञानाची भूक', 'प्रेमाची भूक' म्हणताना आपण पोटाचा शब्द उसना घेऊन मनाला लावतो असं मला वाटायचं. प्रत्यक्षात तो शब्द पहिल्यापासून इच्छेचाच आहे. पोटात खड्डा पडणं ही गरज. भूक म्हणजे त्या खड्ड्याकडे बघून 'भरू या' असं वाटणं. हे दोन वेगळे असतात हे मी अण्णांच्या उशाशी बसून शिकले.

कारण गरज होती. दर आठवड्याला कमरेचा करदोडा सैल होत होता, गळ्याखालची हाडं वर येत होती. शरीराला अन्न हवं होतं आणि अण्णांना नको होतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मला जमेल तसं सांगते. पोट रिकामं झालं की जठरातून घ्रेलिन नावाचा एक संप्रेरक रक्तात सुटतो. जपानी शास्त्रज्ञांनी तो १९९९ साली शोधून काढला. तो मेंदूच्या तळाशी बदामाएवढ्या जागेत, हायपोथॅलॅमसमध्ये, निरोप पोचवतो की आता खा. अंगावर चरबी पुरेशी असेल तर तिच्यातून लेप्टिन सुटतं आणि ते 'पुरे' म्हणतं. या दोघांवर आपलं रोजचं चालतं. पण असल्या आजारात शरीरभर जी जळजळ पेटलेली असते, तिचे पदार्थ त्याच बदामाएवढ्या जागेवर जाऊन बसतात. पोट रिकामं आहे हा निरोप तिथे पोचला तरी त्याचं 'खावंसं वाटणं' होत नाही. आणि बळेबळे भरवलं तरी ते अन्न पूर्वीसारखं अंगी लागत नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, "ते जेवत नाहीत म्हणून खंगत नाहीयेत. खंगत चाललेत म्हणून जेवत नाहीत."

मला हे कळलं होतं, पण पटलं नव्हतं. मी भरवतच राहिले. नाचणीची पेज, हुलग्याचं माडगं, मुगाचं कढण, दुधात कुस्करलेली भाकरी. दर दोन तासांनी वाटी-चमचा घेऊन हजर. "दोनच चमचे अण्णा, माझ्यासाठी." ते घ्यायचे. गिळायचे. अर्ध्या तासानं सगळं उलटून पडायचं आणि ते माझीच समजूत काढल्यासारखे म्हणायचे, "तुझ्या हातात चव हाय गं, माझ्या जिभेतच राहिली नाही."

बुभुक्षेच्या त्याच रांगेत मला आणखी एक शब्द सापडला होता. शुश्रूषा. मूळ धातू श्रु. ऐकण्याची इच्छा, तीच पुढे सेवेच्या अर्थानं रुळली. आजाऱ्याची शुश्रूषा करणं म्हणजे मुळात त्याचं ऐकायची इच्छा असणं. मी महिनाभर शुश्रूषा करत होते आणि एक माणूस मला दिवसातून दहा वेळा 'नको' म्हणत होता, ते मी ऐकत नव्हते. ज्या रात्री हे ध्यानात आलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी वाटी नेणं बंद केलं. नुसती जाऊन बसायला लागले. ओठ सुकले की कापसाच्या बोळ्यानं ओले करायचे, एवढंच.

मग ते बोलायला लागले.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल आमच्या घरी अधूनमधून बोलणं व्हायचं, पण ते सगळ्या घरांत होतं तसंच. बहात्तरला विहिरींत निदान प्यायला पाणी होतं, धान्य नव्हतं. आता धान्य आहे तर पाणी नाही. अमेरिकेतून आलेली लाल मिलो, तिची भाकरी थापताना तडकायची, जनावरांचं खाणं ते. रानातला तरवटा ओरबाडून त्याची भाजी. अण्णा तेव्हा चौदा वर्षांचे. केज तालुक्यातलं आमचं गाव, चार एकर कोरडवाहू, लागोपाठ दोन-तीन वर्षं पाऊस नाही. शाळा सुटली आणि ते आजोबांबरोबर पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागले. वय वाढवून मस्टरवर नाव लावलं होतं. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर अशा दुष्काळी कामांवर एका वेळी पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. एवढ्या माणसांनी खडी फोडली, माती वाहिली, रस्ते केले, आणि म्हणून त्या वर्षी आधीच्या दुष्काळांसारखी गावंच्या गावं मेली नाहीत. मागेल त्याला काम द्यायचं, ही वि. स. पागे यांनी आधी तासगाव तालुक्यात करून पाहिलेली कल्पना त्याच काळात राज्यभर गेली. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला, तीच रोजगार हमी योजना. भूक लागलेल्या माणसाला हात पसरायला न लावता काम मागायचा हक्क देणारा हा कायदा मला महाराष्ट्रानं केलेल्या सगळ्यात मोठ्या कामांपैकी एक वाटतो. खडी फोडणाऱ्याच्या पोरीला तो तसा वाटणारच.

हे सगळं मला माहीत होतं. सुकडीची गोष्ट माहीत नव्हती.

कामावर सुकडी वाटायचे. भाजलेल्या पिठाचा खरपूस वास, चवीला गोडसर, कोरडी. लोक जागेवर थोडी खायचे, बाकीची पदरात, टोपीत, धोतराच्या सोग्यात बांधून घरच्या लेकरांना न्यायचे. अण्णांची धाकटी बहीण, माझी आत्या, तेव्हा सहा-सात वर्षांची. तिच्या वाटची पुरचुंडी रोज अण्णांच्या टोपीत यायची. ती वेशीपाशी येऊन उभी राहायची.

"एका दिशी मी माझी खाल्ली," अण्णा म्हणाले. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं. "पोट भरलं होतं माय. खरं सांगतो, भरलं होतं. वर पाणीबी पेलो होतो. मग वाटेत टोपीतली काढून तिचीबी खाल्ली. उभ्यानं. रस्त्यात. तिला म्हणलं, आज वाटलीच नाही."

मी म्हटलं, अण्णा, चौदा वर्षांचे होता तुम्ही.

"पोट भरलं होतं," ते पुन्हा म्हणाले. "भूक गेली नव्हती."

आत्या काही बोलली नाही, रडली नाही, त्यांचं बोट धरून घरी आली, एवढंच त्यांनी पुढे सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वेशीपाशी उभी. पन्नास वर्षं झाली या गोष्टीला. दर भाऊबीजेला आत्या आमच्याकडे यायची, अण्णा तिला लुगडं घ्यायचे, ती ओवाळायची. आणि प्रत्येक वेळी जेवताना अण्णा तिच्या ताटात वाढण्यावर अडून बसायचे. "तिला वाढा, अजून वाढा." आम्ही पोरं हसायचो.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. लढाईवर जायला सदसद्विवेकानं नकार दिलेले छत्तीस तरुण आपण होऊन अर्धपोटी राहिले, चोवीस आठवडे. युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा खायला कसं घालायचं ते कळावं म्हणून. वजनं सुमारे पाव हिश्शानं उतरली. पण त्या नोंदींत मला गलबलून आलं ते दुसऱ्याच गोष्टींनी. ही शिकलेली पोरं दिवसभर अन्नाबद्दल बोलू लागली, पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, ताटल्या चाटू लागली. मुलींबद्दल, पुस्तकांबद्दल, राजकारणाबद्दल त्यांना काही वाटेनासं झालं. एक भूक बाकीच्या सगळ्या भुका खाऊन टाकते. आणि प्रयोग संपून हवं तेवढं खायला मिळू लागल्यावरही कित्येक महिने त्यांतल्या अनेकांचं समाधान होईना. पोट गच्च भरलेलं, आणि तरी भूक. ते वाचताना मला टोपीतली पुरचुंडी सोडणारा चौदा वर्षांचा पोरगा दिसला. त्या पोरानं ते पाप म्हणून जन्मभर उराशी बाळगलं. ते पाप नव्हतं, हे कुणीतरी त्याला वेळेवर सांगायला हवं होतं.

दुष्काळ सरल्यावर अण्णा पुन्हा शाळेत गेले, डी.एड. झाले, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाले. पस्तीस वर्षं केली नोकरी. आत्या मात्र त्या दोन वर्षांत जी घरी बसली ती बसलीच. तिला अक्षर येत नाही.

शाळेच्या एका कार्यक्रमात पाहुणे म्हणाले होते, मुलांना ज्ञानाची भूक लागली पाहिजे. घरी आल्यावर अण्णा आईला म्हणाले, "चौथीतली सहा पोरं सकाळपासून काही न खाता बसली होती त्या भाषणाला." ते मोजायचे. पहिल्या तासाला कोण खिडकीकडे बघत बसतं, कोण बाकावर डोकं टेकतं, कोण पोटाशी पाय घेतं. ही पोरं ढ नसतात, असं ते नव्या शिक्षकांना सांगायचे. १९९५ साली शाळेतल्या मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ देणं सुरू झालं, हजेरी ऐंशी टक्के असेल तर. अण्णा स्वतः मापानं मोजून द्यायचे, पण म्हणायचे, हा तांदूळ घरी जाऊन दहा तोंडांत वाटला जातो, पोराच्या वाट्याला काय येणार? नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला आणि त्यानंतर आमच्या शाळेमागेही चूल पेटली. खिचडीत मोहरी तडतडली की वास वर्गात यायचा आणि पाढे म्हणणाऱ्या पोरांचा आवाज चढायचा. अण्णांना तो आवाज फार आवडायचा. त्या वासानं पोरांचं लक्ष उडतं अशी तक्रार एकदा कुणीतरी केली, तेव्हा ते म्हणाले होते, "उडत नाही. परत येतं."

पोटाची भूक खालची आणि मनाची वरची, असली उतरंड मला म्हणूनच मान्य नाही. ज्यांनी ती मांडली ती माणसं बहुधा वेळेवर जेवलेली असणार. 'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' ही म्हणसुद्धा मला अर्धीच खरी वाटते. भुकेला कोंडा चालतो, हे खरं. पण कोंडा खाल्लेल्याची भूक तिथे संपत नाही. ती आत कुठेतरी राहते, आणि पुढे लुगडं होते, पोरांना मोजून दिलेला तांदूळ होते, धुऊन प्यायलेलं ताट होते.

अण्णा वैशाखात गेले. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. संध्याकाळी भावकीतून कडू घास आला, पिठलं आणि भाकरी. मला वाटलं होतं घास उतरणार नाही. मी अडीच भाकरी खाल्ल्या. भराभर, कुणाकडे न बघता. महिनाभर दुसऱ्याच्या तोंडात घास घालण्याच्या नादात मी नीट जेवलेच नव्हते, हे तेव्हा कळलं. लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाही मी खात होते.

दहाव्याला नदीवर गेलो. आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत, पण मी गेले आणि कुणी अडवलं नाही. पिंड मांडला, शेजारी द्रोणात त्यांच्या आवडीचं ठेवलं. कावळा शिवला नाही तर काय करायचं हे सगळ्यांना माहीत असतं. गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ते आठवायचं आणि हात जोडून मोठ्यानं शब्द द्यायचा. आमच्याकडे मेलेल्या माणसाचीही भूक आणि इच्छा एकाच भाताच्या गोळ्यावर तोलतात, आणि दोन्हीचा कौल देतो कावळा. पोटात ओरडतो तोही कावळाच.

मी वाक्य तयार करून आले होते. 'अण्णा, आत्याला मी सांगीन. तिला सगळं समजेल. तुम्ही जीव अडकवू नका.' दहा दिवस ते मनात घोळवलं होतं.

पिंड ठेवून चुलते दोन पावलं मागे सरले, तोवर कावळा खाली उतरलाही होता. थेट पिंडावर. मागून आणखी दोन. चुलत्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "तृप्त गेला," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांचे चेहरे हलके झाले. माझा होईना. मला त्यांची काहीतरी इच्छा राहिलेली हवी होती. मला तिथे उभं राहून शब्द द्यायचा होता.

घरी पंगत बसली. मी वाढत होते. आत्या भिंतीला टेकून बसली होती, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, रडून रडून डोळे सुजलेले. तिनं आमटी-भात खाल्ला, भाजी खाल्ली, भाकरीच्या पापुद्र्यानं ताट पुसलं. इतकी वर्षं ती आमच्याकडे जेवत आली होती, आणि तीही पापुद्रा शेवटी ठेवते हे मी कधी बघितलंच नव्हतं. मी तिच्यासमोर बसले. सुकडीची गोष्ट अगदी ओठांपर्यंत आली.

"शेवटी काही मागितलं का गं त्यानं?" तिनं विचारलं.

"नाही आत्या."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग ताट थोडं पुढे करून म्हणाली, "अर्धी भाकर दे माय. भूक हाय अजून."

मी उठले आणि टोपल्यातली अख्खी आणून तिच्या ताटात ठेवली.